हिच्या वाट्याचं पाणी

८ जानेवारी

वही हिने आणून दिली. म्हणाली, "धावणाऱ्या माणसाने लिहून ठेवायचं असतं. कुठवर गेलो, कसं वाटलं, काय प्यायलो."

मी म्हटलं, "मी कुठे धावणारा माणूस आहे?"

"उद्यापासून आहात."

तर आधी ओळख. मी चष्म्याचं दुकान चालवतो. वय पंचावन्न, पोट वयाच्याही पुढे गेलेलं. ही शाळेत खेळाची शिक्षिका होती. शाळा सुटली की गावामागच्या डोंगरात पळायला जायची. सपाट रस्त्यावर पळणाऱ्यांना ही पळणाऱ्यांत धरतच नसे. दगड, मुळं, ओढे, उभे चढ असल्याशिवाय हिचे पाय जागे व्हायचे नाहीत. मी पायथ्याशी गाडीत पेपर वाचत बसायचो. ही वर, मी खाली, आणि दोघंही खूश, असा आमचा संसार.

दीड वर्षापूर्वी हिच्या किडन्या निकामी झाल्या. आधीपासून कमजोर होत्या, कळलं उशिरा. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हृदयही थकलंय, त्यामुळे दुसऱ्याची किडनी बसवणं होणार नाही. प्यायलेलं पाणी शरीराबाहेर पडायला वाटच उरली नाही, म्हणून पिण्यावर बंधन आलं. दिवसाला एक छोटी बाटली. चहा, सूप, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.

आणि ही मला डोंगरात पळताना पाणी कसं प्यावं ते शिकवणार आहे.

९ जानेवारी

आज धावलो. म्हणजे धावल्यासारखा चाललो. पहिल्याच चढाला छातीचा भाता झाला. अर्ध्या वाटेवर थांबलो आणि कमरेची बाटली एका दमात रिकामी केली. पुढे पोटात पाणी असं हिंदकळायला लागलं की बाटली कमरेला आहे की मीच बाटली आहे, कळेना. परतताना ओढ्याचं ओंजळभर प्यायलो, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दारातच तपासणी.

"काय प्यायलात?"

"सगळं."

"कधी?"

"तहान लागली तेव्हा."

"उंट आहात का? घसा कोरडा पडेपर्यंत थांबायचं नाही, आणि पडला म्हणून ढोसायचं नाही. घोट घोट. चढाआधी एक, माथ्यावर एक. तोंडात जरा धरायचं, मग गिळायचं."

हे सांगताना ही स्वतः बर्फाचा बारीकसा खडा चोखत होती. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? वाटेबद्दल सांगा."

मग सांगितलं. वाकलेलं झाड अजून आहे का? आहे. त्यापुढचा निसरडा खडक? आहे, त्यावर मी बसलो. "बसलात?" म्हणजे पडलो. ही इतकी हसली की ठसका लागला. मग ओढ्याच्या पाण्याचं विचारलं. गार होतं का? मी म्हटलं, असलं गार की दात शिवशिवले. हिने डोळे मिटले आणि म्हणाली, "परत सांगा."

१९ जानेवारी

आजचा धडा मिठाचा. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतंच पाणी पीत राहिलं तर डोकं गरगरतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. मी म्हटलं, "मग माझ्या बाबतीत कळणार कसं?" पाठीत एक धपाटा.

हिने बाटलीत चिमूटभर मीठ, थोडी साखर, अर्धं लिंबू घालून दिलं. घरात हिच्यामुळे सगळं अळणी. मी डोंगरावर जाऊन मीठ खातो आणि घरी येऊन अळणी जेवतो.

आणखी एक सूचना: लघवीचा रंग बघत जा, फिकट असला पाहिजे. मी लाजलो. इतक्या वर्षांच्या लग्नानंतर लाजायला नवा विषय मिळाला म्हणून दोघंही हसलो. मग ही सहज बोलून गेली, "मला तर आता बघायलाही काही उरलं नाही." मी लिंबाच्या बिया वेचत बसलो.

२ फेब्रुवारी

रोज सकाळी हिची बाटली मी भरतो. दुपारी दुकानातून फोन करतो, किती उरलं? संध्याकाळी बाटली उजेडात धरून बघतो. डायलिसिसच्या सिस्टरने बजावलंय, घरच्यांनी लक्ष ठेवा, तहान फार वाईट असते. मी ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको की चष्मेवाल्याचीच नजर कमी पडली.

मी हिच्यासमोर पाणी पीत नाही. न्हाणीघरात जाऊन, नळ बारीक सोडून, चोरासारखा पितो. परवा बाहेर आलो तर म्हणाली, "मिशीला थेंब आहे."

आपल्या बोलण्यात पाणी किती आहे ते आता कळायला लागलंय. एका गिऱ्हाइकाने ऐनवेळी चष्मा नको म्हटलं. घरी येऊन सांगताना "सगळ्या मेहनतीवर पाणी" एवढं तोंडातून गेलं आणि जीभ चावली. ही म्हणाली, "बोला हो. ऐकण्यावर बंधन नाही."

१४ फेब्रुवारी

धावायच्या दिवशी ही मला हाकलूनच काढते. "आज मोठा वळसा घ्या. माथ्यावर जरा बसा. लवकर येऊ नका, घाईत पाय मुरगळेल." बूट दाराशी काढून ठेवलेले, बाटली भरलेली. परत येतो तेव्हा चेहरा टवटवीत असतो. मी धावतो आणि बरं हिला वाटतं. आधी माहीत असतं तर केव्हाच धावायला लागलो असतो.

एकच गोष्ट खटकते. डायलिसिसच्या आधी वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये जे वाढतं ते सगळं साठलेलं पाणी. हिचं हल्ली फारच भरतं. आज सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी सरळ सांगितलं, "बाटली मी स्वतः भरतो. तुमचा काटा तपासून घ्या." ही खिडकीबाहेर बघत होती. जास्तीचं पाणी मशीनने ओढून काढलं की हिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. आज ओरडली. कधी ओरडणारी बाई नाही. मी पाय चोळत बसलो. त्यांनी काटा बदलायलाच हवा.

फ्रीजही बिघडलाय वाटतं. संध्याकाळी बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी होतं.

२६ फेब्रुवारी

आज जरा मूर्खपणा झाला.

गेले दोन दिवस मी मनाशी ठरवून हिच्याइतकंच पाणी पीत होतो. हिला सांगितलं नव्हतं. आज डोंगरावरही बाटली रिकामीच नेली. ऊन चढत होतं. माथ्याखालच्या चढावर घाम यायचा थांबला, भर उन्हात अंगावर काटा आला आणि झाडं एका बाजूला सरकायला लागली. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा कप्तान माझ्या तोंडात बाटलीच्या झाकणाने मिठाचं पाणी घालत होता. कप्तान म्हणजे डोंगरात पळणाऱ्यांच्या गटाचा म्होरक्या, हिचा जुना विद्यार्थी. चांगला चाळिशीचा बाप्या आहे, पण हिच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. त्याने मला घरी आणलं आणि सगळं सांगून टाकलं.

"बाटली रिकामी का होती?" हिने विचारलं.

मी खरं सांगितलं. वाटलं होतं, हिला जरा भरून येईल.

"म्हणजे दोघं कोरडे राहिलो की माझी तहान अर्धी होणार आहे का?" आवाज चढला. "तहान वाटून घेता येत नाही हो! तुम्ही प्या. भरपूर प्या. या घरातलं कुणीतरी पोटभर पाणी पिऊन येतंय, एवढं तरी मला..." कप्तान खाली वाकून चपला शोधायला लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

१० मार्च

वाटेवर मोठं झाड आडवं पडलेलं, म्हणून अर्ध्यातून परत फिरलो. दाराशी आलो तर आत नळ जोरात वाहत होता. मी किल्ली फिरवली आणि नळ बंद झाला. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. हनुवटीवरून थेंब गळत होते, पुढचे कपडे भिजलेले.

"तोंड धूत होते," म्हणाली.

बरंच केलं. तोंडावर पाणी मारलं की तहान जरा दबते, असं मीच हिला सांगितलं होतं. टॉवेल आणून दिला. तो तोंडावर धरून ही किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मी आडव्या झाडाची गोष्ट सांगितली, पण आज हिने काही विचारलं नाही.

अंगठी बोटात रुतली होती. साबण लावून काढली. मी म्हटलं, "अंग धरतेयस, चांगलं लक्षण आहे."

१८ मार्च

हिला आडवं झोपवत नाही. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. खोकला आहे. हवा बदलतेय, दुकानात येणारं प्रत्येक माणूस खोकतंय. सकाळी चपला पायात शिरेनात. मी मोठ्या मापाच्या आणल्या.

आज म्हटलं, तुला बरं नाही तर मी धावायला जात नाही. ही एकदम घाईने म्हणाली, "नाही नाही, जा तुम्ही. सवय मोडेल."

गेलो.

२३ मार्च

काल दुपारी दुकानात फोन वाजला. हिचा. शब्द एकही नाही, नुसता श्वास, बुडबुडल्यासारखा. गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीवर सोडून पळालो. एवढा जोरात मी डोंगरात कधी पळालो नाही.

फुप्फुसांत पाणी भरलं होतं. रुग्णालयात नेल्या नेल्या मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत ओठांचा निळेपणा गेला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सिस्टर मला बाहेर घेऊन आली. "काका, रागावू नका. त्या घरी पाणी पितात. थोडंथोडकं नाही."

"शक्यच नाही. बाटली मी स्वतः भरतो."

"बाटली तुम्ही भरता," ती म्हणाली. "आणि नळ?"

मी तिला नाही नाही ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कुणाचं तरी मशीन वाजत होतं तिकडे गेली. मी बाकावर बसलो. मग एकेक आठवायला लागलं. बर्फाचा ट्रे. ओली हनुवटी. मोठा वळसा घ्या, लवकर येऊ नका.

२७ मार्च

हिला परवाच घरी आणलं. दोन दिवस कुणीच विषय काढला नाही. आज मी विचारलं, "कधीपासून?"

हिने नजर चुकवली नाही. "तुम्ही दुसऱ्यांदा धावायला गेलात तेव्हापासून."

"म्हणजे त्यासाठीच मला..."

"नाही हो. पहिल्यांदा पाठवलं ते खरंच तुमच्या पोटासाठी. आणि मला डोंगरातली ती वाट बघायची होती, तुमच्या डोळ्यांनी. तुम्ही आलात आणि ओढ्याचं सांगितलंत. दात शिवशिवले म्हणालात. पुढच्या वेळी तुम्ही जिना उतरलात आणि मी नळाखाली तोंड धरलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की रडले. मग तुमच्या जाण्याची वाट बघायला लागले."

"आणि मी येऊन सांगायचो ते? ते ऐकून हसायचीस ते?"

"तेही खरंच होतं. दोन्ही खरं होतं."

मला राग आला. यायलाच हवा होता. म्हटलं, "जीव गेला असता तुझा!"

"गेला असता तर पाणी पिऊन गेला असता," ही म्हणाली. मग माझा हात धरला. "सगळे मला मोजतात हो. तिकडे काटा, इकडे बाटली. तुम्ही दुकानातून फोन करता आणि विचारता, किती उरलं. मी कशी आहे ते विचारायचं राहूनच जातं."

मी उठून गॅलरीत गेलो. खाली एक माणूस पाइपाने गाडी धूत होता. त्याला जाऊन बदडावं असं वाटलं.

५ एप्रिल

बाटली आता ही स्वतःच भरते. मी उजेडात धरत नाही. दुपारी फोन करतो आणि विचारतो, कशी आहेस? पहिल्या दिवशी हसली आणि म्हणाली, "अर्धी उरलेय." मग दोघंही हसलो.

आज धावायचा दिवस होता. बूट घालून दाराशी बसून राहिलो. गेलो तर हिला नळाजवळ सोडून जायचं. न जावं तर घरात पहारेकरी होऊन बसायचं. कुठला नवरा बरा, मला ठरवता येईना.

आतून आवाज आला, "जा हो. आज नाही पिणार."

"मी विचारलं नाही."

"म्हणून तर सांगतेय."

गेलो. वाकलेल्या झाडाखाली बसून लहान मुलासारखा रडलो. खाली आलो तेव्हा हिने विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, वाटेत धूळ फार. चष्मेवाल्याने एवढं खोटं बोललेलं चालतं.

२० एप्रिल

कप्तानच्या गटाची डोंगरशर्यत झाली. ही पूर्वी तीन वेळा जिंकलेली. माझं नाव हिनेच परस्पर दिलं होतं, सगळ्यात छोट्या अंतरासाठी. आणि स्वतःचंही दिलं होतं, पाण्याच्या टेबलावर. मी नको म्हटलं. कप्तानही हात मागे बांधून नको म्हणाला. हिने दोघांकडेही दुर्लक्ष केलं. लेक दुसऱ्या गावी नोकरीला असते, ती खास आईला सांभाळायला रजा टाकून आली.

गाडीरस्ता डोंगरवाटेला मिळतो तिथे टेबल मांडलं होतं. वळणाच्या अलीकडूनच मला हिचा आवाज ऐकू आला. "थांबून प्या! पळता पळता ठसका लागेल! तुम्ही, निळा शर्ट, नुसतं पाणी नको, मिठाचं घ्या! बाळ, डोक्यावर नंतर ओत, आधी पोटात!" शाळेचं मैदान गाजवणारा तो आवाज मला वाटलं होतं गेला.

ही खुर्चीत होती, सुजलेले पाय स्टुलावर. समोर पाण्याच्या पेल्यांच्या रांगा. माणसं येत होती, हिच्या हातून घेऊन पीत होती, पुढे जात होती. एका मुलीने घटाघट पिऊन उरलेलं मातीत फेकलं. माती तेवढ्यापुरती काळी झाली. ही तिकडे बघत राहिली. मग पुढचा पेला भरला.

मी पोहोचलो. मागे शर्ट पाठीला चिकटलेला, पुढे जीभ बाहेर. हिने पेला पुढे केला. "आधी श्वास घ्या. मग हे."

"पुढे जाऊन पितो," मी म्हटलं.

"इथेच. माझ्यासमोर."

प्यायलो. हिच्या आजारपणात पहिल्यांदाच हिच्या डोळ्यांदेखत प्यायलो. ही माझ्या गळ्याकडे बघत होती, घोट उतरताना जिथे दिसतो तिथे. माझ्याबरोबर हिनेही आवंढा गिळला.

"गार आहे ना?"

"आहे."

"हं. जा आता, मागची माणसं खोळंबलीत."

मी शेवटून तिसरा आलो. लेकीने नंतर सांगितलं, आईने दिवसभर एक थेंब तोंडात घेतला नाही, पण मधूनमधून हात पिंपात मनगटापर्यंत बुडवून ठेवत होती आणि कुणी आलं की पटकन काढत होती.

८ मे

हिचं अंग उतरतंय. मशीनवर रक्तदाब पडतो, मधेच थांबवावं लागतं. पण मन मात्र छान आहे. आज डॉक्टरांशी एकटीने बोलायचं म्हणाली. मला बिस्किटांचा पुडा आणायला पिटाळलं. परत आलो तर डॉक्टर हिचा हात हातात घेऊन बसले होते. किती माणुसकीचा डॉक्टर आहे.

घरी आल्यावर लेकीला फोन लावला आणि दार लोटून घेतलं. मायलेकींचं काहीतरी चाललं होतं, बराच वेळ. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "तिला सांगत होते, बाबांना एकटं जेवायला आवडत नाही." आता हे काय सांगायची गोष्ट आहे? मी म्हटलं, एकटा कशाला जेवीन? ही म्हणाली, "तेच."

मग कपाट उघडून माझे चांगले शर्ट वरच्या खणात लावले. आवराआवरी करायला लागली म्हणजे अंगात शक्ती येतेय.

१७ मे

हिला परत दाखल केलंय. घाबरण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाले, खोली शांत आहे, खिडकीतून झाडं दिसतात. डायलिसिस सध्या थांबवलंय. "त्यांना त्रास होईल असं आता काही करायचं नाही, असं आमचं ठरलंय," डॉक्टर म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला समजतंय ना?" मी म्हटलं, समजलं की. शरीराला विश्रांती हवीच होती. त्या मशीनने हिचा अगदी पिट्ट्या पाडला होता.

१९ मे

आजची बातमी मोठ्या अक्षरात लिहायला हवी. हिचं पाण्याचं बंधन उठलं!

सकाळी डॉक्टर आले आणि स्वतःच म्हणाले, "हवं ते द्या. मागतील तेवढं पाणी द्या." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं, "किती?" "मोजू नका आता." मी त्यांचा हातच धरला. काल-परवापर्यंत घोटाघोटावर पहारा आणि आज मोजू नका! म्हणजे आत काहीतरी सुधारल्याशिवाय का म्हणतील? मशीनला विश्रांती दिल्याचाच गुण असणार. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

सिस्टर खोलीत होती, तिलाही सांगितलं. ती "हो काका" म्हणाली आणि चादर नीट करायला लागली. चादर नीटच होती.

लेकीला फोन केला. ती फोनवरच रडायला लागली. आनंदाचं रडू. म्हणाली, मिळेल त्या गाडीने निघते. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, आई आता बरी होतेय, शनिवारी ये. तर म्हणे, "बाबा, तुम्ही आईजवळ बसा. कुठे जाऊ नका."

इथल्या पाण्याला औषधाचा वास येतो, हिला आवडायचं नाही. घरी येऊन माठातलं भरून घेतलंय. निघतो आता.

११ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. आज वही उघडली आणि १९ तारखेचं पान वाचलं. फाडून टाकणार होतो. मग राहू दिलं. ते लिहिणारा माणूस त्या दिवशी आनंदात होता. तेवढा आनंद त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

ही २३ तारखेला सकाळी गेली. लेक एका बाजूला होती, मी दुसऱ्या. त्रास झाला नाही, शेवटचा दीड दिवस झोपूनच होती. सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना, सिस्टरला, लेकीला. मशीन बंद करा असं हिनेच सांगितलं होतं, त्या बिस्किटांच्या दिवशी. मलाही सांगितलं होतं म्हणे, दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत. मी ऐकलं नाही. लेक म्हणाली, "आई म्हणायची, बाबांना त्यांच्या वेळेने कळू दे." मी चिडलो नाही. कुणावर चिडायचं? जी माणसं होती ती सगळी हिच्यावर माया करणारीच होती.

कप्तान दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा हात मागे बांधून उभा राहिला. मी दुकान उघडायला लागलोय.

१९ तारखेची ती दुपार इथे लिहिलेली नाही, ती लिहून ठेवतो. मग वही बंद.

मी खोलीत शिरलो तो ओरडतच. "बघ काय आणलंय!" पेला काठोकाठ भरला. थोडं चादरीवर सांडलं. ही म्हणाली, "सावकाश. कुठे पळून जातंय?" मी हिला उठवून बसवलं, पाठीशी माझा खांदा दिला आणि पेला ओठांना लावला. मला वाटलं, घटाघटा पिईल. दोन वर्षांची तहान होती ती. मी तर दुसरा पेला कसा भरायचा याचाच विचार करत होतो.

हिने एक घोट घेतला. तोंडात धरला, गिळला. मग आणखी एक. मग पेल्यात तशीच बघत राहिली.

"पी ना," मी म्हटलं. "आता कोणी मोजत नाही."

"पुरे."

"एवढंच?"

"एवढंच लागतं हो." डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि पेला हळूच माझ्याकडे सरकवला. "उरलेलं तुम्ही प्या. माझ्यासमोर."

मला तहान नव्हती. तरी प्यायलो.